जे पाण्यात जगते ते पाण्यातच पाहावे

सांगोला, पंढरपूर आणि मंगळवेढा या तालुक्यांतील डाळिंब बागायतदाराला तेल्या रोगाविषयी कोणत्याही ग्रंथाच्या आधारावाचून जी एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की हा रोग पाण्याच्या पाठोपाठ येतो. पावसाची भुरभुर तीन-चार दिवस रेंगाळली, आभाळ दाटलेले राहिले आणि पानांवरचा ओलावा दुपार कलेपर्यंत हटला नाही, की थोड्याच दिवसांत पानांवर तेलकट ठिपके उमटतात, ते पुढे काळपट होतात, फळावर तेच डाग पसरून फळ एल किंवा वाय या इंग्रजी अक्षरांच्या आकाराने तडकते. आणि ज्या बागेवर छाटणीपासून फवारणीपर्यंत वर्षभर पैसा ओतला, तिचे फळ बाजारात कोणी हाती धरत नाही. या रोगाचे कारण असलेला झँथोमोनास वंशाचा जिवाणू भारतात प्रथम १९५२ साली दिल्लीकडे नोंदला गेला, आणि चालू शतकाच्या आरंभी त्याने महाराष्ट्रातील बागांच्या बागा उजाड केल्या. तो पानाच्या रंध्रातून अथवा कात्रीने झालेल्या जखमेतून आत शिरतो, पावसाच्या थेंबाबरोबर उडून शेजारच्या झाडावर जातो, एका टोकाशी असलेल्या कशाभिकेच्या, म्हणजे शेपटीसारख्या तंतूच्या, बळावर पाण्याच्या पातळ थरातून पोहतो, आणि आत स्थिरावला की स्वतःभोवती एक बुळबुळीत, जलमय आवरण निर्माण करून त्याच्या आश्रयाने वाढतो.

त्याचे हे सारे चरित्र पाण्यातले आहे. असे असून, त्याचे जे अतिसूक्ष्म चित्र विज्ञान आपल्यापुढे ठेवते, ते बहुतेक वेळा पाणी पार काढून टाकलेल्या नमुन्याचे असते. ही विसंगती दूर करण्याचे मार्ग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगात सापडू लागले आहेत, आणि ओल्या जैविक नमुन्यांचे त्रिमितीय इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शन आपल्या राज्यात जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या संशोधकाच्या हाताशी आणून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाची मूळ अडचण समजून घेतली पाहिजे. प्रकाशाच्या साहाय्याने पाहणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे दोनशे नॅनोमीटरहून लहान तपशील वेगळे दाखवता येत नाहीत, कारण प्रकाशलहरींची लांबीच तेथे आड येते. जिवाणूची कांडी त्यातून दिसते, परंतु त्याची कशाभिका किंवा त्याच्या आवरणाची वीण त्यातून उलगडत नाही, आणि बहुतेक विषाणू तर त्याच्या आवाक्याबाहेरच राहतात. १९३१ साली बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारे यंत्र उभे केले आणि ही सीमा ओलांडण्याची वाट मोकळी केली. या कार्याबद्दल रुस्का यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास मात्र १९८६ साल उजाडावे लागले. परंतु इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आदळले की विखुरतात, सबब त्यांचा मार्ग निर्वात राखावा लागतो. आणि निर्वात पोकळीत ठेवलेले पाणी क्षणात वाफ होऊन निघून जाते. जीवसृष्टीतील कोणतीही वस्तू पाण्यावाचून नाही, आणि हे यंत्र तर पाण्याला दारातच मज्जाव करते, असा हा पेच आहे.

त्यावर दीर्घकाळ जो उपाय रूढ राहिला, तो नमुना सुकवण्याचा. पेशींना आधी रसायनाने जागच्या जागी स्थिर करायचे, मग वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलात एकामागून एक बुडवून त्यांतील पाणी काढायचे, आणि नंतर त्या सुकवून त्यांवर सोन्याचा सूक्ष्म लेप द्यायचा किंवा राळेत घट्ट करून त्यांचे अतिपातळ काप घ्यायचे, ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत आजही नित्य चालते, आणि तिने जीवशास्त्राला दिलेले ज्ञान अपार आहे. पण तिची किंमतही आहे. झँथोमोनासच्या भोवतालचे ते बुळबुळीत आवरण, ज्याच्या शुद्ध रूपाला झँथन म्हणतात आणि ज्याचा उपयोग खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी जगभर होतो, ते बहुतांशी पाणीच असते; पाणी काढताच ते कोसळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही धागे व जाळ्या तेवढ्या उरतात. ताज्या भेंडीची तार वाळवलेल्या भेंडीत शोधावी, तसा हा प्रकार आहे. रोगाचा जो भाग फवारणीच्या औषधाला अडवतो, जिवाणूला उन्हापासून आणि कोरडेपणापासून वाचवतो, नेमका तोच भाग चित्र घेण्यापूर्वी नष्ट होतो.

येथे पुण्यातील एका कामाचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण तो आपल्या राज्याचा अभिमान आहे. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेल्या आणि १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० साली, केरळात आढळलेल्या देशातील पहिल्या कोरोना रुग्णाच्या घशातील स्रावाच्या नमुन्यातून, त्या विषाणूची इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक चित्रे घेतली आणि ती भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या नमुन्यात त्यांना अवघे सात कण ओळखता आले. त्यांतील एक, सुमारे पंचाहत्तर नॅनोमीटर व्यासाचा, इतका सुस्थितीत होता की त्याच्या पृष्ठभागावरील देठासारखी टोके स्पष्ट दिसत होती. एवढ्याशा स्रावातून, साथीच्या त्या गोंधळात, सात कण शोधून काढणे हे केवढ्या चिकाटीचे काम आहे, याची कल्पना प्रयोगशाळेत उभे राहिलेल्यालाच येईल. ते चित्र टंगस्टनच्या क्षाराने पार्श्वभूमी गडद करून, सुकवलेल्या थरावर घेतलेले होते. रोगाची ओळख पटवण्यास ती पद्धत पुरेशी आहे, आणि तातडीच्या वेळी तीच उपयोगाची आहे. तो कण ओलाव्यात असताना कसा वागतो, पेशीशी कसा भिडतो, त्याची टोके कशी हलतात, हे प्रश्न निराळे आहेत, आणि त्यांसाठी साधनही निराळे लागते.

पाण्यासह पाहण्याची इच्छा या यंत्राइतकीच जुनी आहे. ब्रुसेल्समध्ये लाडिस्लाउस मार्टन यांनी १९३४ च्या सुमारास जैविक नमुन्यांची पहिली इलेक्ट्रॉन-चित्रे घेतली, आणि नमुना दोन अतिपातळ पत्र्यांच्या मध्ये बंद करून ओला ठेवण्याची कल्पनाही त्यांच्या काळीच पुढे आली. मात्र तेवढा पातळ, तरीही वातावरणाचा दाब सोसणारा पडदा बनवणे तेव्हाच्या कारागिरीस शक्य नव्हते. मधल्या काळात दुसरी एक मोठी वाट सापडली. जाक द्युबोशे यांनी पाणी द्रव इथेनमध्ये इतक्या झपाट्याने गोठवून दाखवले की त्याचे स्फटिक होण्यास अवसरच राहिला नाही, आणि काचेसारख्या पारदर्शक अवस्थेत थिजलेल्या पाण्यात प्रथिने व विषाणू आपल्या मूळ रूपात टिकून राहिले. योआखिम फ्रांक यांनी अशा हजारो अस्पष्ट चित्रांतून गणिताने एक त्रिमितीय आकृती उभी करण्याची रीत घडवली. रिचर्ड हेंडरसन यांनी ती अणूंच्या पातळीवर नेली. आणि २०१७ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. या त्रिमितीय गणिताचा आरंभही एका जिवाणुभक्षी विषाणूनेच झाला होता: १९६८ साली केंब्रिजमध्ये ॲरन क्लूग आणि डेव्हिड डीरोझियर यांनी अशा विषाणूच्या शेपटीची त्रिमितीय रचना सपाट इलेक्ट्रॉन-चित्रावरून प्रथम सिद्ध करून दाखवली.

गोठवलेले पाणी हे पाणीच खरे, परंतु त्यात काही घडत नाही. तेथे काळ थांबलेला असतो. म्हणून द्रव पाण्याचा मार्ग पुन्हा शोधला गेला. संगणकाच्या चकत्या बनवण्याच्या उद्योगातून सिलिकॉन नायट्राइडचे सुमारे पन्नास नॅनोमीटर जाडीचे पडदे मिळू लागले, तेव्हा मार्टन यांच्या काळची कल्पना प्रत्यक्षात उतरली. फ्रान्सेस रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अशा दोन पडद्यांमधील द्रवात तांब्याचे कण जमताना पाहिले. नील्स द याँगे यांच्या गटाने २००९ साली माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या अखंड पेशी पाण्यात ठेवूनच, त्यांवर चिकटवलेल्या सोन्याच्या कणांच्या साहाय्याने, सुमारे चार नॅनोमीटरपर्यंतचा तपशील दाखवला. २०१२ साली कार्बनच्या एकाच अणुथराचा, म्हणजे ग्राफीनचा, पडदा करून त्यात द्रवाचा थेंब बंद करण्यात आला. आणि २०१९ साली अमेरिकेतील डेबोरा केली व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणू आणि त्यांवर चाल करणारे जिवाणुभक्षी विषाणू द्रवात असतानाच निरनिराळ्या कोनांतून टिपून त्यांचे त्रिमितीय चित्र उभे केले. नमुना झोताखाली थोडा थोडा कलवत नेऊन अनेक चित्रे घ्यायची आणि संगणकाने ती जोडायची, ही एक रीत; आणि द्रवातील कण आपण होऊनच उलटसुलट फिरत असल्यामुळे त्यांच्या निरनिराळ्या बाजूंची चित्रे गोळा करायची, ही दुसरी. दुसऱ्या रीतीत नमुन्याची जी अस्थिरता एरवी अडथळा ठरली असती, तीच उपकारक होते, आणि मला तरी विज्ञानातील अशा युक्त्यांइतके सुंदर क्वचितच काही वाटते.

तथापि या शास्त्राची बाजू मांडणाऱ्याने त्याच्या मर्यादा झाकून ठेवू नयेत. इलेक्ट्रॉनांचा झोत पाण्यातून गेला की पाण्याच्या रेणूंचे विघटन होते आणि त्यातून अत्यंत आक्रमक असे रासायनिक घटक जन्मास येतात; कर्करोगावरील किरणोपचारात पेशी ज्या घटकांमुळे मरतात, तेच हे घटक. जिवाणू मरण्यास झोताची जेवढी मात्रा पुरते, तिच्या कितीतरी पट मात्रा स्पष्ट चित्र घेण्यास लागते. याच कारणाने द याँगे आणि डायना पेकिस यांनी २०१६ साली, स्वतः या क्षेत्रातील अग्रणी असूनही, जिवंत पेशीचे इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शन बहुधा अशक्य आहे, असा निष्कर्ष आपल्या निबंधाच्या शीर्षकातच मांडला. ही प्रामाणिकता मला फार मोलाची वाटते. त्यातून बोध घ्यायचा तो एवढाच, की पाण्यातला नमुना म्हणजे जिवंत नमुना, अशी जाहिरात कोणी करू नये. झोत पडण्याच्या क्षणापर्यंत ओला आणि अविकृत असलेला नमुना, एवढेच त्याचे यथार्थ वर्णन आहे. शिवाय पडदे फुगतात, द्रवाचा थर जाड झाला की चित्र धूसर होते, आणि नमुना पूर्ण गोल फिरवता येत नसल्यामुळे त्रिमितीय आकृतीत काही दिशांची माहिती उणी राहते. वृत्तपत्रांत येणारी रंगीत, उठावदार चित्रे पाहताना वाचकाने हे ध्यानात ठेवावे, की त्यांतील रंग नंतर भरलेले असतात आणि आकार गणिताने उभा केलेला असतो. त्याने ती चित्रे खोटी ठरत नाहीत, पण ती कशी सिद्ध झाली हे सांगण्याची जबाबदारी छापणाऱ्यावर येते.

आता सोलापूरचा प्रश्न. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, टँकरच्या दराची चर्चा करणाऱ्या जिल्ह्याने द्रवातील इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शनाची मागणी करावी हे कोणाला विचित्र वाटेल. परंतु या जिल्ह्याचा इतिहासच त्या मागणीच्या बाजूने साक्ष देतो. कोरडवाहू शेतीचा प्रश्न सोडवायचा, तर तो पुण्याच्या कचेरीत बसून सुटणार नाही, जेथे जमीन तापते तेथेच मातीतला ओलावा मोजला पाहिजे, या विचाराने १९३३ साली मुंबई इलाख्याच्या योजनेखाली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले, आणि एन. व्ही. कानिटकर यांच्या नेतृत्वाखाली बांधबंदिस्ती, खोल नांगरट आणि विरळ पेरणी यांची जी पद्धती सिद्ध झाली, ती पुढे मुंबईची कोरडवाहू पद्धती म्हणून देशभर ओळखली गेली. तोच न्याय २००५ साली लावला गेला आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरास, केगावला, आले. पुणे रस्त्यावरील त्याच केगावात, १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे, एकाच जिल्ह्यासाठी निर्माण झालेले विद्यापीठ आहे. आणि शहरात १९६३ पासून चालत आलेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रोगाचे शेत, रोग्याचे रुग्णालय आणि पदार्थविज्ञानाची विद्यापीठीय शाळा हे तिन्ही इतक्या जवळ असणारी ठिकाणे राज्यात फार नाहीत.

यांतील पहिल्या दोन ठिकाणच्या संशोधकांचे प्रश्न एका अर्थी एकाच प्रकारचे आहेत. डाळिंबाच्या पानावरील जिवाणूच्या आवरणात ताम्रयुक्त औषध कितपत शिरते, हा केगावचा प्रश्न. नळाच्या पाइपात, सलाइनच्या नळीत किंवा कृत्रिम सांध्यावर जिवाणूंचे जे थर बसतात, त्यांत प्रतिजैविक कितपत शिरते, हा रुग्णालयाचा प्रश्न. आणि दोन्हींचे उत्तर ओल्या आवरणाच्या त्रिमितीय रचनेत दडलेले आहे. पंढरपूरच्या यात्रेत पटकीच्या साथींनी एकोणिसाव्या शतकात किती वारकरी दगावले, याच्या नोंदी सरकारी दफ्तरांत आहेत. त्या पटकीचा जंतूही पाण्यात असेच थर करून तग धरतो. आणि ज्या जिवाणुभक्षी विषाणूंपासून त्रिमितीय गणिताचा आरंभ झाला, त्याच जातकुळीचे विषाणू आज पिकांवरील जिवाणूंविरुद्ध औषध म्हणून परदेशात फवारले जातात. टोमॅटो आणि मिरचीवरील झँथोमोनासविरुद्ध असे औषध अमेरिकेत २००५ सालीच नोंदले गेले. डाळिंबावर त्यांचा उपयोग व्हायचा असेल, तर तो विषाणू त्या बुळबुळीत थरातून वाट काढून जिवाणूपर्यंत पोहोचतो की नाही, हे कोणीतरी पाहिले पाहिजे, आणि ते सुकवलेल्या नमुन्यावर पाहता येणार नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याची रीत साधारणतः अशी असते, की तो नमुना तयार करतो, अर्ज करतो, शुल्क भरतो, आणि पुण्या-मुंबईच्या यंत्रावर आपली पाळी येण्याची वाट पाहतो. धातूचा किंवा पातळ लेपाचा नमुना असेल तर यात वेळेपलीकडे फारसे काही बिघडत नाही. परंतु सांगोल्याच्या बागेतून सकाळी तोडलेले ओले पान अडीचशे किलोमीटर प्रवास करून यंत्राखाली जाते, तोवर त्यावरील जिवाणूंची वस्ती तीच राहिलेली नसते. आणि म्हणून विद्यार्थी तो नमुना आधीच रसायनात बुडवून, सुकवून पाठवतो. अंतराने त्याच्या शास्त्राची पद्धत ठरवली जाते, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

कोट्यवधी रुपयांचे सर्वोच्च यंत्र सोलापुरास द्यावे, असे माझे म्हणणे नाही. देशाची गोठवणी-सूक्ष्मदर्शनाची राष्ट्रीय सोय बंगळुरूस आहे, आणि तशी यंत्रे थोडीच असावीत हे योग्य आहे. पण द्रवासाठीचे बंद कोष्ठ हे स्वतंत्र यंत्र नसून अस्तित्वात असलेल्या पारगामी इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकात बसवण्याचे नमुनाधारक आहे. ते राज्यातील एखाद्या सार्वजनिक संस्थेत बसवावे आणि त्याच्या वेळेचा ठरावीक हिस्सा जिल्हा विद्यापीठांसाठी राखून ठेवण्याची तरतूद शासन निर्णयान्वये करावी. केगावात मात्र विद्यापीठ आणि डाळिंब केंद्र यांनी सामाईकपणे असा एक पृष्ठदर्शी सूक्ष्मदर्शक ठेवावा, ज्याच्या कक्षेत पाण्याची वाफ राखून नमुना ओला ठेवता येतो. गेरासिमोस डॅनिलाटोस यांनी ऑस्ट्रेलियात विकसित केलेली ही पद्धत आता जुनी व खात्रीची झाली आहे, तिची तपशील दाखवण्याची शक्ती कमी असली तरी पानावरचा थर पाहण्यास ती पुरते, आणि फ्रान्समधील लिऑन येथील संशोधकांनी तिच्यावरही नमुना कलवून त्रिमितीय चित्रे घेतली आहेत.

यंत्रापेक्षाही मला चिंता वाटते ती यंत्र चालवणाऱ्या माणसाची. खरेदीची मंजुरी मिळते, उद्घाटन होते, आणि चालकाचे पद मात्र कंत्राटी राहते किंवा भरलेच जात नाही. मग दोन वर्षे शिकून तरबेज झालेला तरुण स्थिर नोकरीसाठी निघून जातो आणि यंत्रावर आच्छादन पडते. ओला नमुना हाताळणे हे हाताचे कसब आहे, ते पुस्तकातून येत नाही. चाळीसच्या दशकात निरजनाथ दासगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्यास इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक स्वतः बांधला आणि पुढे काळ्या आजाराच्या परजीवीचा अभ्यास त्यावर केला, ते शक्य झाले, कारण बांधणारे आणि पाहणारे हात एकाच छपराखाली वर्षानुवर्षे टिकून होते. देशातील प्रयोगशाळांची यंत्रे सर्वांना खुली व्हावीत यासाठी केंद्र शासनाने जानेवारी २०२० मध्ये आय-स्टेम हे संगणकीय द्वार उघडले. ती सोय स्तुत्य आहे, पण तेथे यंत्राचे नाव झळकले म्हणून ते चालवणारा कोणी तेथे असेलच, याची हमी त्यातून मिळत नाही.

तेव्हा विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने पुढील अंदाजपत्रकापूर्वी जी दरखास्त शासनाकडे धाडावी, तिच्यात यंत्राच्या किमतीच्या आधी दोन कायम तंत्रज्ञांची पदे, त्यांच्या वेतनाची निश्चित तरतूद, आणि त्यांना वर्षभर बंगळुरू किंवा पुणे येथे शिकण्यास धाडण्याचा खर्च लिहिलेला असावा. डाळिंब केंद्राने नमुन्यांची आणि वैद्यकीय महाविद्यालयाने रुग्णालयीन प्रश्नांची यादी तिला जोडावी. आणि जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी रस्ते व पाणीयोजनांच्या बरोबरीने तिचा पाठपुरावा मंत्रालयात करावा. पदे मंजूर होईपर्यंत यंत्राची निविदा काढू नये, अशी अट विद्यापीठाने स्वतःवर घालून घेतली, तर तिला या जिल्ह्यातील बागायतदारांचाही पाठिंबा मिळेल, कारण फवारणीचा पंप घेण्याआधी तो चालवणारा माणूस पाहावा लागतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.